बुडालेल्या गावाचा आवाज कुणाच्या मालकीचा?

गेल्या दिवाळीत इंदूरच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. फराळ झाला, पत्ते झाले आणि मग बारा वर्षांची माझी भाची कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली. एक नावेचा गेम होता. चार-पाच खेळाडू एकाच वेळी आपापली नाव नदीपार नेतात, खडक चुकवतात, मधे पडलेली नाणी गोळा करतात. नाव पलीकडच्या काठाला टेकली की एक हाक ऐकू येते. लांबून, पाण्यावरून आल्यासारखी, "होऽऽ" अशी. जेमतेम दोन सेकंदांची.

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ती हाक ऐकली आणि गाळणं हातात तसंच राहिलं. ती हाक माझ्या ओळखीची होती. ती मीच रेकॉर्ड केली होती. निसरपुरला, आमच्या गावच्या काठावर.

इथून जे सुरू झालं ते सहा-सात महिने चाललं. त्यात थोडी कायद्याची ओळख झाली, एका जुन्या मित्राशी वाजलं आणि शेवटी माझी स्वतःचीच एक चूक मला दिसली. मंडळाच्या अंकासाठी काही लिही असं कळवलं गेलं, तेव्हा हेच लिहावं असं वाटलं. आपल्या घरातली मुलं गेम खेळतातच. त्यातली काही आता गेम बनवूही लागली आहेत. त्यांना हे कामाला येईल.

निसरपुरची बावीस रेकॉर्डिंग

धार जिल्ह्यात, कुक्षी तहसिलीत निसरपुर. उरी-बाघनी नदीच्या काठचं मोठं गाव. नर्मदा तिथून जवळच. माझे आजोबा शिक्षक म्हणून तिथे गेले आणि तिथलेच झाले. धार, देवास, इंदूर इथल्या मराठी घरांना संस्थानी काळाचा वारसा आहे. आमचा वारसा म्हणजे निसरपुरच्या शाळेतला फळा आणि मागच्या अंगणातला गोठा. आजोबा गेल्यावर आजी इंदूरला आली, पण 'घर' म्हटलं की तिचा हात पश्चिमेकडेच जायचा.

सरदार सरोवराचं पाणी चढणार हे लहानपणापासून ऐकत होतो. २०१७ च्या उन्हाळ्यात मात्र गाव सोडायची तारीख ठरली, ३१ जुलै. मे महिन्यात मी आजीला घेऊन शेवटचं घर बघायला गेलो. बाकीच्यांनी फोटो काढले. मी एक छोटा रेकॉर्डर नेला होता. इंजिनिअरिंगच्या दिवसांपासून ध्वनीचं वेड होतं, म्हणून दोन दिवसांत जे जे ऐकू आलं ते टिपलं. विहिरीवरचा रहाट. शेजारच्या घरातलं जातं. बाजारातला गलका. देवळातली घंटा. कौलांवर चाललेली खारीची धावपळ. आजीने वासराला मारलेली हाक, वासरू नसतानाही मारलेली. आणि संध्याकाळी काठावर नाव आणणाऱ्या केवटाची ती 'होऽऽ'. एकूण बावीस फाइली.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदाच पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरपर्यंत. निसरपुर पाण्यात गेलं. त्यानंतर दोन वर्षांनी आजी गेली. त्या बावीस फाइली घरातल्या सगळ्यांकडे राहिल्या; गाव मात्र राहिलं नाही.

"घे रे, वापर बिनधास्त"

मग हे आवाज गेममध्ये गेले कसे? मीच दिले. कॉलेजचा एक मित्र आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर छोटे गेम बनवत होता. नावेच्या गेमसाठी त्याला पाण्याचे, वल्ह्याचे आवाज हवे होते. विकतचे आवाज त्याला प्लास्टिकसारखे वाटत होते. मी व्हॉट्सॲपवर फोल्डर पाठवला आणि खाली लिहिलं, "घे रे, वापर बिनधास्त." पैशांचा प्रश्नच नव्हता. मित्राला आवाज द्यायला करार कोण करतं?

गेम बरा चालला. पुढे मित्राने तो एका कंपनीला विकला. कंपनीने गेमबरोबर सगळा माल घेतला, म्हणजे चित्रं, कोड आणि आवाज. मग त्या आवाजांचं वेगळं पॅकेट करून दुसऱ्या गेमवाल्यांना विकायला ठेवलं आणि इंटरनेटवरच्या ध्वनी ओळखणाऱ्या यंत्रणेत आपल्या नावे नोंदवलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर मी आजीच्या आठवणीचा एक व्हिडिओ केला. जुने फोटो, त्याखाली निसरपुरचे आवाज. नातेवाइकांसाठी यूट्यूबवर टाकला. दुसऱ्या दिवशी सूचना आली की या व्हिडिओतला ध्वनी अमुक कंपनीच्या मालकीचा आहे. वेळेच्या नोंदीवर बोट ठेवून पाहिलं, तर ती जागा आजीच्या हाकेची होती.

मला राग आला हे खरं. पण पेशाने मी सॉफ्टवेअरवाला. राग आला की आधी यंत्र कसं चालतं ते बघायची सवय. तेच केलं.

यंत्राला 'आधी कोण' हे कळत नाही

यूट्यूबची ही यंत्रणा, कंटेंट आयडी, २००७ पासून आहे. अशा यंत्रणा आवाज आपल्यासारखा ऐकत नाहीत. आवाजाचे बारीक तुकडे करून कोणत्या क्षणी कोणती कंप्रता जोरात आहे याचा नकाशा काढतात. त्या नकाशाचा एक छोटा ठसा बनतो, बोटाच्या ठशासारखा. नवीन व्हिडिओ आला की त्याचा ठसा आधीच्या साठ्याशी ताडून बघतात. जुळला की दावा.

या सगळ्यात 'मूळ कुणी केलं?' हा प्रश्न कुठेच येत नाही. साठ्यात आधी कुणी जमा केलं, एवढंच यंत्राला कळतं. त्यामुळे गमतीचे प्रकारही झाले आहेत. २०१२ मध्ये एका माणसाने रानात फिरताना काढलेल्या व्हिडिओवर दावा आला होता, मागे पक्षी गात होते म्हणून! एका संगीत कंपनीने तो आवाज आपला असल्याचं म्हटलं आणि बराच बोभाटा झाल्यावर दावा मागे घेतला. २०१८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या सेबास्टियन टॉमझाक यांच्या दहा तासांच्या व्हिडिओवर पाच दावे लागले. त्या व्हिडिओत होतं काय? नुसता खरखराट. रेडिओचं स्टेशन लागत नसताना येतो तसा. तो त्यांनी स्वतः तयार केलेला होता.

हे वाचून मला हसू आलं आणि धीरही आला. पक्ष्यांवर दावा लागतो, तर आजीवर का लागणार नाही?

जगभर गाजलेली 'ऊफ'

गेममधल्या आवाजांच्या भांडणात सगळ्यात गाजलेलं प्रकरण तुमच्या मुलांना तोंडपाठ असेल. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममध्ये खेळाडू मेला की 'ऊफ' असा आवाज यायचा. एक सेकंदही नाही, पण मुलं तो रोजच्या बोलण्यातही वापरू लागली.

तो आवाज मुळात रोब्लॉक्सचा नव्हता. 'मसाया' नावाच्या २००० सालच्या एका गेममधला तो आवाज होता. त्या गेमच्या ध्वनीचं काम करणारे अमेरिकेतले संगीतकार टॉमी टालारिको यांनी २०१९ च्या सुमारास त्यावर हक्क सांगितला. रोब्लॉक्स तेव्हा मोठी कंपनी झाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये तडजोड जाहीर झाली. रोब्लॉक्सवर गेम बनवणाऱ्यांना हा आवाज वापरायचा असेल तर शंभर रोबक्स, म्हणजे साधारण एक डॉलर मोजायचा. तेवढ्यानेही ते मिटलं नाही. जुलै २०२२ मध्ये परवान्याचं कारण सांगून कंपनीने तो आवाज काढून टाकला आणि त्या जागी दुसरा बसवला. पोरांनी इंटरनेटवर सुतक पाळलं म्हणायला हरकत नाही.

पण गोष्टीचा खरा भाग त्यानंतरचा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हॅरी ब्रुइस या ब्रिटिश यूट्यूबरने या आवाजाचा माग काढणारा लांबलचक व्हिडिओ केला. त्यात त्यांनी मांडलं की हा आवाज प्रत्यक्षात टालारिको यांच्याबरोबर काम करणारे ध्वनिरचनाकार जोई क्युरस यांनी तयार केला होता. म्हणजे वीसेक वर्षं जगाने जो आवाज ऐकला, तो करणाऱ्या माणसाचं नाव कुणाला माहीतच नव्हतं.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. आवाज कुणी केला, हा एक. आवाजाची मालकी कुणाची, हा दुसरा. कंपनीसाठी पगारावर किंवा करारावर काम करताना केलेल्या गोष्टीची मालकी बहुतेक वेळा करणाऱ्याकडे राहत नाही. पण श्रेय? त्याचं नाव लिहायला काय अडचण असते? तेवढं मात्र फार वेळा राहून जातं.

आपला कायदा काय म्हणतो

इंदूरमधल्या एका परिचित वकिलांकडे मी दोन संध्याकाळी बसलो. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, आवाजावर मालकी नसते, आवाजाच्या रेकॉर्डिंगवर असते. रहाटाची कुरकुर, नदीचं पाणी, पक्षी यांवर कुणाचा हक्क नाही. उद्या तुम्ही दुसऱ्या विहिरीवर जाऊन तसाच रहाट टिपलात, तर ते तुमचं वेगळं रेकॉर्डिंग. मी तुम्हाला अडवू शकत नाही. पण माझी फाइल उचलून वापरलीत, तर अडवू शकतो.

दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंगचा मालक कोण? कायद्यात 'निर्माता' हा शब्द आहे. रेकॉर्डिंग करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो निर्माता. नोकरीत असताना, नोकरीचं काम म्हणून केलं असेल तर, वेगळं काही ठरलं नसल्यास, मालक कंपनी. फोटो किंवा चित्रपट पैसे देऊन करवून घेतला तर करवून घेणाऱ्याला पहिली मालकी मिळते असं कलम आहे, पण त्या यादीत ध्वनिमुद्रण नाही. त्यामुळे 'पैसे दिले, आवाज आमचा' असं गृहीत धरून चालू नये. कागदावर लिहावं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आता गंमत बघा. ऑनलाइन गेम पहिल्या दिवसापासून अमेरिकेत, जपानमध्ये, सगळीकडे खेळला जातो. एका ओळीचा करार करून आवाज घेणाऱ्या पोरांच्या हातात कदाचित फक्त भारतापुरता आणि पाच वर्षांपुरता हक्क असतो आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. शिवाय हक्क घेऊन वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क रद्दही होतो.

चौथी गोष्ट, नोंदणी सक्तीची नाही. रेकॉर्डिंग केलं त्या क्षणी हक्क तयार होतो आणि प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. भांडण झालं तर मात्र पुरावा लागतो. मूळ फाइल, तारीख, त्या दिवसाचे फोटो.

"मग माझ्या 'घे रे, वापर बिनधास्त'चं काय?" मी विचारलं.

वकील हसले. म्हणाले, "वापरायची परवानगी दिलीस, हे त्यातून दिसतं. मालकी दिलीस, असं दिसत नाही. मित्राकडे जे नव्हतं ते त्याने विकलं."

दोन सेकंदांना एवढं महत्त्व?

एवढ्याशा आवाजासाठी कोण कोर्टात जातं, असं वाटेल. मुंबईत गेले आहेत. संगीतकार राम संपत यांनी सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी 'थंप' नावाची एक छोटी धून केली होती. २००८ मध्ये 'क्रेझी ४' या हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत ती धून वापरल्याचं त्यांना आढळलं. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना न्यायालयाने ती गाणी ठेवून चित्रपट प्रदर्शित करायला मनाई केली. शेवटी दोन कोटी रुपयांवर तडजोड झाली. धून किती सेकंदांची आहे यापेक्षा ऐकणाऱ्याला ती ओळखू येते का, हा मुद्दा तिथे मोलाचा ठरला.

आता तर एखादं रेकॉर्डिंग उचलायचीही गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर कुणाच्याही गळ्याची नक्कल करतं. त्यावरून अरिजित सिंग यांनी २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांनी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि दोघांनाही तात्पुरता दिलासा मिळाला. तिथे प्रश्न रेकॉर्डिंगचा नव्हता, त्या माणसाच्या आवाजाचाच होता. आशाताईंसाठी न्यायालय आहे. माझ्या आजीसारख्यांच्या आवाजासाठी कोण उभं राहणार, असं मला ती बातमी वाचताना वाटलं.

मित्र, दावा आणि एकोणीस दिवस

दाव्यावर मी हरकत घेतली. यूट्यूबवर हरकत घेतली की समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. मी मे २०१७ ची मूळ फाइल, तिच्यातली तारखेची नोंद आणि रेकॉर्डर हातात धरलेला माझा गावातला फोटो तयार ठेवला. एकोणिसाव्या दिवशी दावा मागे घेतला गेला. माफी नाही, खुलासा नाही. फक्त एक ईमेल.

मित्राला फोन केला तेव्हा तो आधी चिडला. "तूच म्हणालास ना, बिनधास्त वापर." मीही आवाज चढवला. मग दोन आठवडे बोलणं बंद. नंतर त्याने स्वतःच गेम विकतानाचा करार मला पाठवला. चाळीस पानं. त्यात एक वाक्य होतं, की या गेममधल्या सर्व ध्वनींचे संपूर्ण हक्क माझ्याकडे आहेत. त्याखाली त्याची सही. त्याने ते वाक्य वाचलंच नव्हतं. मीही किती अटी न वाचता 'मान्य आहे' दाबत आलोय, हे आठवलं आणि माझा राग उतरला.

आता त्याने कंपनीला लेखी कळवलं आहे. ते आवाज पॅकेटमधून काढले गेले. गेममध्ये राहू द्यायला मी परवानगी दिली, या वेळी कागदावर. गेममध्ये कामगिरी करणाऱ्यांच्या नावांची यादी असते, तिथे श्रेय द्यायचं ठरलं. मित्राने विचारलं, "काय नावं लिहू?"

भाचीचा प्रश्न

हे सगळं मी मोठ्या फुशारकीने भाचीला सांगत होतो. कायदा, कलमं, एकोणीस दिवस. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, त्या नाववाल्या काकांना विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी काठावर उभा राहून मी रेकॉर्डर सुरू केला, हाक टिपली, हात केला आणि निघालो. फाइलला नाव दिलं, 'केवट ०१'. कायद्याने ते रेकॉर्डिंग माझं होतं. पण माझ्या चार शब्दांवर मित्राने जे केलं, तेच मी त्या माणसाच्या एका हाकेवर केलं होतं. मला विचारलं नाही म्हणून मी तळमळत होतो आणि विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

देवासला कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून होते, तेव्हा खिडकीतून त्यांना माळव्यातली लोकगीतं ऐकू यायची. पुढे त्यांनी त्या लोकधुनांचा अभ्यास केला, त्यांतून राग घडवले आणि त्या धुना माळव्याच्या आहेत हे जाहीरपणे सांगितलं. लोकधुनेला मालक नसतो, ती घ्यायला कायदा अडवत नाही. पण कुठून घेतलं ते सांगणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपल्याच भागात एका मोठ्या माणसाने करून दाखवली होती. मला त्यासाठी भाचीचा प्रश्न लागला.

पुनर्वसन वसाहतीत

एका रविवारी मी आणि भाची निघालो. निसरपुरची माणसं आता पुनर्वसनाच्या वसाहतींमध्ये विखुरली आहेत. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, नदीपासून दूर. विचारत विचारत केवटांच्या घरापर्यंत पोचलो. आजोबांचं नाव सांगितल्यावर खाट टाकली गेली, चहा आला. तिथे ते अजून 'मास्टरसाहेब' आहेत.

ज्यांना मी शोधत होतो ते साठीच्या पुढचे गृहस्थ. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. हाक वाजली. त्यांनी हेडफोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, "भैया, ही माझी नाही. ही मोठ्या भावाची."

त्या संध्याकाळी नावेत दोघे होते. वल्हं यांच्या हातात, हाक मोठ्या भावाची. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. घरात त्याचा फोटो होता. आवाज कुठेच नव्हता.

मग घरातली सगळी जमली. भावाची सून आली, नातवंडं आली. एकेक करून सगळ्यांनी हेडफोन लावला. दोन सेकंदांची हाक, पण एका पोराने ती सात-आठ वेळा ऐकली. माझ्या फोनच्या स्पीकरवरही लावली. मी गेमबद्दल सांगितलं, की तुमच्या भावाची हाक कुठली कुठली मुलं ऐकतात. त्यांना गेमचं फारसं काही वाटलं नाही. पैशांचं मी काढलं, तर त्यांनी हात हलवला. त्यांनी मागितलं ते एकच, ही हाक आमच्या फोनमध्ये टाकून द्या.

मी बावीसच्या बावीस फाइली दिल्या. गाव त्यांचंही होतं.

परतताना भाची गप्प होती. कुक्षी मागे पडल्यावर म्हणाली, "म्हणजे तू पण चुकीचं नाव लिहिलं होतंस." मला तो जोई क्युरस आठवला. मी हो म्हटलं.

गेम बनवणाऱ्या आपल्या मुलांसाठी

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर गेला. आपल्या भागातली मुलंही उद्या करतील. त्यांच्यासाठी मी शिकलेल्या चार गोष्टी.

१. प्रत्येक आवाजाची वही ठेवा. कुठून आला, कुणी केला, कधी, कोणत्या परवानगीवर. एक साधी एक्सेल शीट पुरते. गेम विकायच्या वेळी ही शीट सोन्याची होते.

२. फुकट मिळालेल्या आवाजाची अट वाचा. फ्रीसाउंडसारख्या ठिकाणी प्रत्येक फाइलवर परवाना लिहिलेला असतो. काही आवाज पूर्ण मोकळे, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही पैसे कमावणाऱ्या गेममध्ये चालत नाहीत. 'फुकट' आणि 'मोकळा' हे दोन वेगळे शब्द आहेत.

३. मित्राकडून घेतलात तरी अर्धं पान लिहा. कोणते आवाज, कोणत्या गेमसाठी, पुढे विकता येतील का, किती वर्षं, जगभर की भारतात, श्रेय कसं द्यायचं. दोघांची सही. मैत्री त्याने तुटत नाही. न लिहिल्याने कशी ताणली जाते ते मी पाहिलं आहे.

४. ज्याचा आवाज टिपताय त्याला विचारा आणि नाव लिहून घ्या. कायदा मागो न मागो.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. आपल्याकडे जुन्या कॅसेट असतील. कुणाच्या मुंजीतल्या मंगलाष्टका, आजीच्या ओव्या, वाड्याच्या अंगणातला गोंधळ. त्या डिजिटल करून घ्या आणि प्रत्येकीवर नाव, गाव, साल लिहा. आवाज कुणाचा ते सांगणारं माणूस अजून घरात आहे, तोवर लिहा.

गेममधल्या नावांच्या यादीत आता दोन ओळी वाढल्या आहेत. एकीत आजीचं नाव आहे. दुसरीत दोन्ही भावांची. हाक मोठ्याची, वल्हं धाकट्याचं. खाली लिहिलंय, निसरपुर, मे २०१७. भाचीने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मी तो वसाहतीतल्या त्या नंबरवर पुढे पाठवला. उत्तरात त्यांच्या नातवाने एक व्हॉइस मेसेज धाडला. त्यात तो स्वतः ती हाक मारून बघत होता.